मावशीवर गेली

आमच्या बाबांनी सगळी नोकरी पोरांना खरं बोलायला शिकवण्यात घालवली, आणि रिटायर झाल्यावर लहानीच्या बायोडाट्यात 'वर्ण' या शब्दापुढे 'निमगोरा' असं लिहून आणलं. लिहून आणलं म्हणजे तरी काय, झेरॉक्सच्या दुकानातल्या टाइप करणाऱ्यानं ते विचारलंसुद्धा नव्हतं. त्याच्याकडे तो शब्द आधीच भरलेला होता. निमगोरा म्हणजे अर्धा गोरा. लग्नाच्या बाजारात त्याचा अर्थ 'काळी आहे, पण एकदा येऊन तर बघा' असा होतो, आणि हे मुलीकडच्यांना ठाऊक असतं, मुलाकडच्यांनाही ठाऊक असतं. म्हणून कुणी कुणाला फसवलं असं होत नाही.

लहानी म्हणजे माझी धाकटी बहीण. नेरला आमच्या घरात तिला नावानं कुणी हाक मारलीच नाही. मी मोठी, ती लहानी, आणि दोघी आईच्या रंगाच्या. आई काळी होती. सावळी नव्हे, काळी. सावळी हा शब्दही तसा निमगोऱ्याचाच चुलत भाऊ आहे. आई गेली तेव्हा तिचा फोटो मोठा करायला दिला होता, आणि घरी आला तो फोटो पाहते तर कुणी एक गोरी बाई आईचं लुगडं नेसून बसलेली. मी तो तसाच उचलून दुकानात नेला. म्हटलं, "हे आमची माय नव्हे. आमची माय द्या." दुकानदार म्हणाला, "ताई, सारेच उजळ करून मांगतात, म्हून केला." मी भांडणार होते, पण बाबा म्हणाले, राहू दे आता. फोटो तसाच भिंतीवर चढला. मला अजूनही त्या बाईला हार घालताना परक्या बाईला घातल्यासारखं वाटतं.

तर महागावकडचे पाहुणे लहानीला पाहायला आले. पोहे झाले, चहा झाला, लहानी आत गेली, आणि पोराचा मामा बाबांना म्हणाला, "गुर्जी, बायोडाट्यात तं निमगोरी लिवलं व्हतं." अगदी सहज म्हणाला, किराण्यात माप कमी भरलं की दुकानदाराला म्हणतो तसं. बाबा बशीकडे पाहत राहिले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमचा पोरगा कोन्ता निमगोरा हाय, ते तं सांगा." पाहुणे लवकरच उठले. लहानी आतून ऐकत होती. ती हसली, मग मला म्हणाली, "कायले बोलली वो ताई? आता साऱ्या पट्ट्यात सांगतीन, बहीण तोंडाची फाटकी हाय." आणि भांडी घासायला बसली. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणून ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे. तेव्हा नेर–यवतमाळ ही माझी नेहमीची गाडी, आणि लहानी यवतमाळच्या एका इंग्रजी शाळेत शिकवायची. ती माझ्याच गाडीनं जायची, माझ्याच सीटवर शेजारी बसून. नवा कुणी प्रवासी चढला की दोघींकडे पाहून विचारायचा, "बहिनी बहिनी काय वो?" मी म्हणायचे, "नाही, मशीनमधून चुकून दोन तिकिटं निघाली." लहानीला या विनोदाचा कंटाळा आला होता. मला कधी आला नाही.

महागावचे पाहुणे येऊन गेले त्या उन्हाळ्यानंतर तिच्या हातावर कधीकधी चिकटपट्टी दिसायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, अशक्तपणा आहे, विटामिन चढवते. शाळेतल्या बायकांना काय, पंखा बंद झाला तरी अशक्तपणा येतो, असं म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा परतीच्या गाडीत गर्दी नव्हती, तेव्हा तिनंच सांगितलं. यवतमाळात एका डॉक्टरकडे गोरं व्हायचं सलाईन मिळतं. डॉक्टर त्याला गोरं व्हायचं म्हणत नाहीत, 'ग्लो' म्हणतात. तिच्या शाळेतल्या आणखी एक-दोन जणींनी घेतलं होतं. तिचा पगार तिकडेच जात होता.

मी खूप बोलले. किडनी जाईल म्हणाले, लिव्हर जाईल म्हणाले, मला जेवढे अवयव माहीत होते ते सगळे घालवले. ती ऐकून घेत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "तू चष्मा लावतं. बाबायनं कवळी बसवली. तू केसाले मेंदी लावतं, अन् मंग मेंदीवरून काळी डाय लावतं. मीच काय वेगळं केलं?"

मी म्हटलं, "चष्म्यानं मले दिसते. तुह्यं काय बिघडलं व्हतं म्हून दुरुस्ती करून राह्यली?"

ती म्हणाली, "माह्यं काही बिघडलं नाही, हे मले माहीत हाय. त्यायच्या डोळ्यात बिघाड हाय. लोकायचे डोळे बदलवाचं इंजेक्शन असन तं सांग, मी तेच विकत घेतो, अन् त्या मामाले देतो. नाही ना? मंग जे मिळते ते घेतलं."

लहानी माझ्यापेक्षा शिकलेली. तिच्याशी वादात मी कधी जिंकले नाही, आणि हा वाद तर मी अजून मनातल्या मनात हरते आहे. तिचं चुकलं असं मला ठामपणे म्हणता येत नाही. माणूस स्वतःच्या शरीराला काय करतं हा त्याचा प्रश्न, असं म्हणावं तर तिचं शरीर एकटं तिचं नव्हतं. त्यात आई होती, मीही होते. ती स्वतःला पुसत होती तेव्हा थोडी मीही पुसली जात होते. हे मला तेव्हा बोलता आलं नाही. मी फक्त म्हटलं, "कर बाई, तुले जे कराचं ते."

रंग बदलत गेला. रोज पाहणाऱ्याला तो कळत नाही, पण गाडीतल्या लोकांमुळे मला कळला. आधी "बहिनी काय" विचारणारे कमी झाले. मग कुणीच विचारेना. एकदा एक बाई पोराला घेऊन चढली, मी उभी होते, लहानी सीटवर. ती बाई मला म्हणाली, "कंडक्टरबाई, त्या मॅडमले जरा सरकाले सांगा ना." मी लहानीला म्हटलं, "मॅडम, सरका." लहानी हसली नाही. मी गंमत म्हणूनच म्हटलं होतं, पण गाडी रिकामी झाली तरी मी उभीच राहिले.

पांढरकवड्याचं स्थळ आलं ते चांगलं होतं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, माणसं शांत. पाहायला यायच्या आदल्या आठवड्यात लहानी माझ्या घरी आली. माझं सासर गावातच आहे, चालत येण्याएवढं. तिनं येताना माझ्यासाठी जिलेबी आणली होती, तेव्हाच मी समजले की काहीतरी मागायला आली आहे. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "ताई, ते लोक येतीन त्या दिवशी तू डिवटी लावून घेजो."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "नाही वो, मी सुट्टी टाकली. पोहे कोन करन?"

"पोहे मी करतो."

"आन् बाबायजवळ कोन बसन?"

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती. म्हणाली, "ताई, तुले पाह्यलं का त्यायले समजन."

माझ्या तोंडाला ऐनवेळी कधी शब्द कमी पडले नाहीत. महागावच्या मामाला मी उभ्या उभ्या उत्तर दिलं होतं. माझ्याच बहिणीला मी म्हटलं, "लावून घेतो." आईचा फोटो दुकानदारानं आधीच उजळून ठेवला होता, बाबा गव्हाळ होतेच. साऱ्या घरात तिच्या खऱ्या रंगाचा पुरावा म्हणजे एक मी उरले होते. मी सुट्टी रद्द केली. त्या दिवशी यवतमाळच्या स्टँडवर मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. ड्रायव्हरनं विचारलं, काहून जेवत नाही. मी म्हटलं, पोट दुखते.

स्थळ जमलं.

लग्नाला मात्र मला टाळता येणार नव्हतं. आमच्यात नवरी पांढरं पातळ नेसते. पांढऱ्यात आमचा रंग उठून दिसतो, आई नेहमी म्हणायची की माझ्यासारखी नवरी तुम्ही पाह्यली नसन, कापसाच्या ढिगात बसवल्यावानी दिसत होते. लहानी पांढऱ्या पातळात सुंदर दिसत होती. खोटं कशाला बोलू, फार सुंदर दिसत होती. बुद्धवंदना सुरू झाली, सगळे हात जोडून उभे राहिले, आणि मी तिच्यात आई शोधत होते. नाक होतं, हनुवटी होती. बाकी आई नव्हती. मी वंदनेतच रडले, आणि लोकांना वाटलं बहीण सासरी जाते म्हणून रडते.

जेवणाच्या वेळी तिच्या सासूबाईंनी मला जवळ बोलावलं. चांगली बाई आहे, आजही माझं तिच्याशी वाकडं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहानीकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्या सख्ख्याच ना?" लहानी पटकन म्हणाली, "हो ना आई, ताईची ड्युटी उन्हातली असते ना, म्हणून." मी गाडीच्या आत असते. गाडीला छप्पर असतं, हे त्या बाईलाही माहीत असेल. पण त्या "हो का" म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू वाढला.

पुढे लहानीला दिवस गेले, आणि डॉक्टरनं सलाईन बंद करायला सांगितलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्या महिन्यात नेरला आली. बाबा एकटे, त्यामुळे मी सकाळ-संध्याकाळ तिच्याकडेच असायचे. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा रंग परत यायला लागला. आधी मानेवर, मग हातांवर. सासरी कुणाला संशय आला नाही, कारण दिवस गेल्यावर बाईचा रंग उतरतो असं सगळेच म्हणतात. नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की ती फोन छताकडे करायची. तो बिचारा रोज आमच्या घरचा पंखा पाहायचा. तो म्हणायचा, "तू कुठं आहेस?" ती म्हणायची, "नेटवर्क नाही."

माझ्यासाठी मात्र ते महिने सणासारखे होते. मी तिच्या डोक्याला तेल घालायचे आणि समोरच्या आरशात आम्ही दोघी पुन्हा एका मशीनमधून निघालेल्या दिसायचो. एकदा ती झोपली होती, तोंड थोडं उघडं, हात उशाशी, आणि दारातून मला आई झोपल्याचा भास झाला. मी चौकटीला धरून उभी राहिले. मला इतका आनंद झाला की मी तिला उठवून सांगितलं, "लहाने, तू मायवानी दिसून राह्यली." ती तोंड फिरवून भिंतीकडे झाली. म्हणाली, "मले माहीत हाय. म्हून तं आरशात पाहत नाही."

ती हे रागानं बोलली नाही. खूप थकलेल्या माणसासारखी बोलली. मला माझा आनंद लपवावा लागला. तिच्यासाठी जी फजिती होती तीच माझी दिवाळी होती, आणि दोन्ही एकाच खोलीत होत्या.

मुलगी झाली. दवाखान्यात सासूबाई आल्या, त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, आणि आमच्याकडच्या जुन्या बाया करतात तेच केलं. कान हलकेच दुमडून वरची कड पाहिली. लेकरू जन्मतं तेव्हा लालगुलाबीच असतं, पण कानाची कड पाहून पुढे कोणता रंग चढेल ते कळतं म्हणतात. सासूबाईंनी एक कान पाहिला, मग दुसरा पाहिला. नंतर हळूच म्हणाल्या, "कोनावर गेली बाप्पा पोट्टी?"

मी थर्मासमधून चहा ओतत होते. लहानी पलंगावरून म्हणाली, "मावशीवर गेली."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई समजूतदारपणे म्हणाल्या, "हो, जातात लेकरं मावशीवर." मी चहा दिला. एरवी हे वाक्य कुणी म्हटलं असतं तर मी पेढे वाटले असते. पण लहानीनं ते आपला रंग माझ्या नावावर टाकण्यासाठी म्हटलं. पोटच्या पोरीला आईचा रंग मिळाला होता, आणि आईनं तो नाकारून बहिणीच्या अंगावर ढकलला. मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी तिची इतकी कीव आली की मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

मुलीचं दूध सुटेपर्यंत लहानी तिच्या खऱ्या रंगात राहिली. मग हळूहळू पुन्हा 'उजळली'. सासरी म्हणाले, बाळंतपणाचा उतरलेला रंग भरून आला. पोरीचा काही भरून आला नाही. हळद झाली, मलई झाली, डाळीचं पीठ झालं. पोरगी आमच्यासारखीच राहिली.

मागच्या दिवाळीत लहानी मला म्हणाली की पोरगी मोठी झाली की तिलाही ते सलाईन देऊ, तोवर आणखी चांगलं काही निघेल, आता म्हणे पोटात असतानाच सगळं ठरवता येईल असं शास्त्र पुढे चाललं आहे. मी म्हटलं, "तुह्यं तू ठरवलं. तिचं तू कायले ठरवतं?" ती म्हणाली, "मायनं आपले कान टोचले तवा आपल्याले इचारलं व्हतं काय?" मी म्हटलं, "कान टोचल्यावर आपन मायच्याच पोरी राह्यलो वो." ती दुसऱ्याच दिवशी, ठरल्यापेक्षा लवकर, पांढरकवड्याला निघून गेली. मग आमचं फोनवर बोलणंही कामापुरतंच राहिलं.

या उन्हाळ्यात मात्र बाबांची तब्येत बिघडली म्हणून ती पोरीला घेऊन आली. पोरगी आता शाळेत जाते, इंग्रजी कविता म्हणते, आजीच्या वऱ्हाडीत भांडते. दुपारी बाबा झोपले होते. लहानी स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी पेज करत होती. मी खाटेवर बसून सुपात तांदूळ निवडत होते. पोरगी माझ्याजवळ येऊन बसली, तिनं माझ्या हाताला आपला हात लावला आणि बराच वेळ दोन्ही हात पाहत राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "हा तुहा रंग हाय ना?"

"कोन म्हनते?"

"आई म्हनते. आजी म्हनते. सारेच म्हनतात, मी तुह्यावर गेली. शाळेत मले डान्समधी मांगं उभं करतात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखाद्याची वस्तू चुकून आपल्याकडे राहिली तर माणूस जसं सांगतं, तसं ती समजावून सांगत होती. "मी आईची पोरगी हाय ना. मंग तू आपला वापस घे ना."

मी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात लहानी उभी होती. हातात डाव, चेहरा गोरा. तिनं सगळं ऐकलं होतं. एका वाक्याचं काम होतं. बाई गं, हा तुह्या आईचाच रंग हाय, अन् तिच्या आईचा. ते वाक्य माझं नव्हतं, तिचं होतं. मी तिच्याकडे पाहत राहिले, तिनं बोलावं म्हणून. माझ्या सगळ्या जन्मात मी कुणाची इतकी वाट पाहिली नाही. लहानीचे डोळे भरून आले, ओठ हलले. मग ती आत वळली आणि पेज ढवळण्याचा आवाज यायला लागला.

पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी सूप बाजूला ठेवलं. तिचा हात हातात घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत माझ्या तळव्यानं चोळायला लागले.

"घेऊन राह्यली?" तिनं विचारलं.

"घेऊन राह्यलो."

तिनं हात डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. "निंगून नाही राह्यला."

"हळूहळू निंगते बाई," मी म्हटलं.

तिला पटलं. तिनं फ्रॉकची बाही वर केली आणि दुसरा हात पुढे केला.